लिंबाचा थेंब आणि घरातले दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकीच कोणीतरी घरच्या उपयोगाचे चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रावर बोलण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी म्हटले तर मी भांडायला उठणार नाही. पण ज्या वस्तू रोज आपल्या हातातून जातात, ज्यांनी आपल्या बोटांना भेगा पडतात, त्यांचे गुण आपल्याला ठाऊक नसावेत हे काही मला बरे वाटत नाही. जे सांगणार आहे त्यातले काही मुलीच्या शास्त्राच्या पुस्तकात वाचले, काही शाळेच्या सरांना विचारून घेतले आणि उरलेले लिंबू पिळून पाहिले.

टेबलावर वाट्या मांडल्या आहेत त्या पाहून मघाशी कोणीतरी 'आज हळदीकुंकू आहे का' असे विचारले. नाही हो. पहिल्या वाटीत आपल्या ओढ्यातला काळा दगड आहे. दुसऱ्या वाटीत शहाबादी फरशीचा तुकडा, तिसरीत बाजारची रांगोळी, चौथीत पानाला लावायचा चुना, पाचवीत एका पडक्या वाड्याच्या भिंतीतला जुना चुना, सहावीत बंबाच्या आतून खरवडलेला पांढरा पापुद्रा, आणि सातवीत माझ्या मावसबहिणीने फलटणकडच्या शेतातून आणून दिलेली चुनखडी. हे लिंबू. मी प्रत्येक वाटीत चार थेंब टाकते. पुढच्या रांगेतल्या मुलींनी नीट कान देऊन ऐकावे, कारण हे दिसते त्याहून ऐकू जास्त येते.

(येथे प्रयोग करून दाखविला.)

काळा दगड ढिम्म राहिला. फरशीवर बारीक बारीक बुडबुडे आले. रांगोळी फसफसली. पानाचा चुना जवळजवळ गप्पच बसला, फार तर एखाददुसरा बुडबुडा. पण भिंतीतला जुना चुना, बंबातला पापुद्रा आणि शेतातली चुनखडी, तिन्ही फस् करून उठली.

आता हे असे का होते ते सांगते. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, व्हिनेगर हे सगळे आंबट पदार्थ. आंबटपणा ज्याच्यामुळे येतो त्याला पुस्तकात आम्ल म्हणतात, दुकानदार अॅसिड म्हणतो. दुसऱ्या बाजूला संगमरवर, शहाबादी, चुनखडी, समुद्रातले शिंपले, अंड्याचे कवच. दिसायला ही किती निराळी, पण मूळ घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. याच्यात एक वायू कोंडून बसलेला असतो, कार्बन डायऑक्साइड. आम्ल आले की कॅल्शियम आम्लाशी जोडले जाते आणि हा वायू मोकळा होऊन बाहेर पडतो. आपण ऐकले ते त्याचेच बाहेर पडणे. कॅल्शियम पाण्यात विरघळून जाते किंवा पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते.

किती वायू म्हणाल, तर 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीत 44 ग्रॅम हा वायूच असतो. म्हणजे जवळजवळ निम्मा दगड हवेचा! लहान चमचाभर, समजा 5 ग्रॅम, संगमरवराच्या भुकटीवर पुरेसे आम्ल ओतले तर लिटरभराहून अधिक वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे आणि त्यात दिवा जळत नाही. उंच पेल्यात रांगोळी आणि व्हिनेगर घालावे, फसफस ओसरली की पाणी ओततो तसा नुसता वायूच जळत्या मेणबत्तीवर ओतावा, मेणबत्ती विझते. (निरांजन मुद्दामच आणले नाही. निरांजन विझवलेले आपल्या वडीलधाऱ्यांना खपणार नाही, आणि खपू नयेच.) जुन्या आडात किंवा धान्याच्या पेवात उतरण्याआधी कंदील सोडून पाहत, त्यातला 'घातवारा' बहुधा हाच वायू. नुसता कंदील तेवत राहिला म्हणून आड निर्धोक ठरत नाही, एवढे मात्र घरच्या पुरुषमंडळींना सांगून ठेवा.

हा कोंडलेला वायू पहिल्यांदा नीट ओळखला तो स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक नावाच्या डॉक्टरने, 1750 नंतरच्या काही वर्षांत. त्याने त्याला 'बांधलेली हवा' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे लोक ती मुद्दाम पाण्यात मिसळून पिऊ लागले. जत्रेत आपण गोटीच्या बाटलीतला सोडा पितो ना, त्याच्या कारखान्यांत पूर्वी संगमरवराच्या किंवा खडूच्या भुकटीवर गंधकाचे अॅसिड घालूनच हा वायू काढीत असत.

आता पानाचा चुना का गप्प बसला? मला स्वतःला यात सर्वांत मौज वाटते. चुनखडी भट्टीत घालून सुमारे 900 अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला वायू उडून जातो आणि कळीचा चुना राहतो. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो सळसळत, वाफा सोडत विरतो. आपल्या डबीतला तो हा विरलेला चुना. त्याच्यातला वायू भट्टीतच गेलेला आहे, मग लिंबू पिळले तरी बाहेर काय येणार? पण तोच चुना भिंतीत घातला की हळूहळू हवेतला तोच वायू परत ओढून घेतो. वर्षे लागतात. बाहेरचा थर आधी, आतला मागाहून. आणि शेवटी चुन्याचा पुन्हा दगड होतो. म्हणून पडक्या वाड्यातला हा पोपडा आज लिंबाने फसफसला. भट्टीत गमावलेले त्याने भिंतीत बसून भरून काढले.

आपल्या रोहिडा किल्ल्यावर चुन्याच्या घाण्याचे अवशेष आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावे, बाजारवाडीपासून वाट आहे. अशा घाण्याच्या गोल चरात चुना, वाळू घालून बैलाकडून दगडी चाक फिरवून तो मळीत. त्या चुन्याने सांधलेले दगड पावसाळ्यामागून पावसाळे सोसून उभे राहिले. आपला हा सारा मुलूख काळ्या कातळाचा. राजगड, तोरणा, रायरेश्वर, सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे. त्या कातळाला आंबटाचे भय नाही, हे पहिल्या वाटीत पाहिलेच. पण दोन काळ्या दगडांमधला चुना मात्र आम्लाला भितो. किल्ल्यावरची किंवा देवळावरची जुनी बांधणी 'स्वच्छ' करायला कोणी अॅसिड घेऊन निघाले, तर दगड राहील आणि सांधा जाईल.

काळ्या कातळातही पांढरे काही सापडते बरे का. विहीर खणताना, रस्त्यासाठी दगड फोडताना पोकळीत चकचकीत खडे निघतात. सरसकट सगळ्यांना आपण गारगोटी म्हणतो. त्यातली खरी गार लिंबाला दाद देत नाही, नखाने काय पण सुरीनेही तिच्यावर ओरखडा उठत नाही. पण कॅल्साइट नावाचा खडा असतो, तो दिसायला गारेसारखा, सुरीने ओरखडतो आणि आंबटाने फसफसतो. मुले असले खडे गोळा करून खिडकीत मांडतात आणि आपण केर म्हणून फेकतो. पुढच्या वेळी फेकण्याआधी एक थेंब टाकून पाहा.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. शहाबादी फरशी आपल्याकडची नव्हे. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडून येते. आपण तिला नुसती 'फरशी' म्हणतो, पण ती आहे चुनखडीचा दगड. ओट्याला घालतात तो काळा कडप्पा आंध्रातला, तोही बहुतेक चुनखडीच्याच जातीचा. राजस्थानातला हिरवट कोटा तसाच. आणि संगमरवर तर काय, मुळात चुनखडीच, जमिनीच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने स्फटिक झालेली. म्हणजे काळ्या कातळाच्या गावात राहून आपण घरात पायाखाली आणि हाताखाली आणून बसवलेला दगड मात्र नेमका आंबटाने झिजणारा.

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर पालथी राहिली की सकाळी गोल पांढुरका डाग दिसतो. आपण तो घासतो, घासतो, जात नाही. सुना सासवांची बोलणी खातात. तो डाग चिकटलेला नसतोच, मग निघणार कसा? तेवढ्या जागचा गुळगुळीत थर लिंबाने खाल्लेला असतो. चिंचेचा कोळ, आमसुलाचे आगळ, व्हिनेगर यांचेही तेच. ग्रॅनाइटच्या ओट्याला हा त्रास नाही, तो निराळ्या जातीचा दगड.

आणि हे लिंबाचे झाले. संडास धुण्याच्या अॅसिडाचे काय? ते हायड्रोक्लोरिक अॅसिड, लिंबाच्या कितीतरी पट जहाल. दोन वर्षांपूर्वी एका देवळाच्या सभामंडपात नवी शहाबादी घातली. गवंड्यांचे सिमेंट फरशीवर सांडून वाळले होते. काम घेणाऱ्या माणसाने नवरात्राच्या आधी दोन कॅन अॅसिड ओतवले. पांढरा फेस आला तशी जमलेली मंडळी म्हणाली, बघा किती मळ निघतोय! मी तिथे उभी होते. धुराने डोळ्यांतून पाणी येत होते, आणि केरसुणीने ते पसरवणारी बाई पदर नाकाशी धरून खोकत होती. फरशी वाळल्यावर पाहावे तर निळसर तुकतुकी गेलेली, जागोजाग खरबरीत, भुरकट. तेव्हापासून समईचे तेल सांडले की ती पिऊन टाकते. फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता. अॅसिड फरशीवरचा मळ काढीत नाही, मळाखालची फरशी काढते, आणि मळ आपोआप वाहून जातो.

आपल्या सभागृहाची फरशी वर्धापनदिनाआधी अॅसिडाने धुवावी असे मागच्या बैठकीत निघाले होते. मी तेव्हा विरोध केला, तो पैशाच्या कंजूषपणाने केला असा काहींचा समज झालेला दिसतो. कारण आज सांगितले. आपली फरशी शहाबादीच आहे. सिमेंटचे डाग पाण्याने भिजवून लाकडी चिपेने, नाहीतर बोथट सुरीने सोडवावेत. तेलकटपणाला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरे. धुण्याचा सोडा हाही कार्बोनेटच आहे, पण सोडियमचा. तो आंबटाच्या उलट बाजूचा, म्हणून फरशीला खात नाही. आपल्या महाराष्ट्रात लोणारच्या सरोवरात असले क्षार पाण्यातच आहेत आणि पूर्वी ते तिथून काढीतही असत.

यावरून एक सांगते. हल्ली मोबाईलवर फिरते की खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून घासा, सगळे लखलखीत होते. फेस छान दिसतो खरा. पण सोड्याने आंबट मारले आणि आंबटाने सोडा मारला, उरले खारट पाणी. ज्याला जे लागते ते एकेकटे वापरावे. तेलकटाला सोडा, पाण्याच्या पांढऱ्या थराला आंबट.

हा पांढरा थर म्हणजे सहाव्या वाटीतला पापुद्रा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट होऊन बंबाला, गिझरला, चहाच्या पातेल्याला आतून धरते. थर जाड झाला की सरपण आणि वीज दोन्ही जास्त लागतात, कारण आच आधी त्या दगडाला तापवते आणि मग पाण्याला. इथे मात्र आंबट हाच उपाय. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून पातेल्यात तासभर ठेवावे, फसफस थांबली की घासून दोन पाण्यांनी विसळावे. यासाठी जहाल अॅसिडाची गरज नाही, पातेले अन्नाचे आहे हे विसरू नये.

तांब्याच्या घागरीवर हिरवा कळंक येतो, तोही बहुतेक तांब्याचा कार्बोनेटच असतो. आपल्या आज्या चिंच लावून तो काढीत, त्यांना कोणी रसायनशास्त्र शिकवले नव्हते.

शेतीबद्दल थोडे, कारण आपल्यापैकी निम्म्याजणी शेतात राबतात. वेल्ह्याकडे घाटमाथ्याला पाऊस मुसळधार. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येते, म्हणून ते स्वतःच किंचित आंबट असते. हजारो वर्षे त्याने तिकडच्या लालसर मातीतला चुना धुऊन नेला. भाताच्या खाचरातल्या मातीवर लिंबू पिळा, काही होणार नाही. पण नीरेच्या काठाने शिरवळ, लोणंद, फलटण असे पूर्वेला जाल तसा पाऊस कमी होतो, चुना जमिनीतच राहतो आणि काळ्या मातीत त्याचे खडे बनतात. तीच ही सातवी वाटी. माती परीक्षणाच्या कागदावर 'मुक्त चुना' असे लिहिलेले असते, ते हेच. तो जास्त असला की जमिनीत लोह असूनही पिकाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझ्या मावसबहिणीने दोन वर्षे रोग समजून औषधे फवारली, गुण आला नाही. शेवटी मातीचा कागद आला तेव्हा कारण कळले. ज्यांच्या माहेरच्या जमिनी तिकडे आहेत त्यांनी भावांना हे सांगावे.

लांबचेही एक उदाहरण देते. आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर. कारखान्यांच्या धुरातला गंधकाचा वायू पावसादवात मिसळून आम्ल होते आणि ते संगमरवराला हळूहळू पोखरते. म्हणून 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातल्या कारखान्यांनी दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर तिथून हलावे, असा निकाल दिला. आपल्या देवळातले जे दोन कॅनांनी एका सकाळी झाले, तेच तिथे वर्षानुवर्षे सावकाश चालले होते.

अॅसिडाबद्दल सावधगिरीचे बोलल्याशिवाय मला बसता येणार नाही. भांड्याच्या चिनी मातीला अॅसिड खात नाही, म्हणून संडासाच्या भांड्यापुरते ते वापरायचे तर वापरा, पण आजूबाजूच्या सिमेंटच्या सांध्यांवर पडू देऊ नका. खिडकी उघडी हवी. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र कधीही नको, त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. पातळ करायचे असेल तर पाण्यात अॅसिड घालावे, अॅसिडात पाणी नव्हे. अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे, त्यावर सोडा किंवा चुना चोळत बसू नये. डोळ्यात गेले तर वीस मिनिटे पाणी आणि थेट डॉक्टर. थंड पेयाच्या बाटलीत अॅसिड भरून ठेवण्याची खोड काही घरांत अजून आहे, ती आजच्या आज मोडा. आणि मोरी घासायला बाई येते तिच्या हातात मोजे द्या, तिचा हातही आपल्याच हातासारखा.

सुटे अॅसिड वाटेल त्याला विकू नये, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून वहीत नोंद करावी, 18 वर्षांखालच्यांना देऊच नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ठरवून दिले. ते फरशीसाठी नव्हे. आपल्यासारख्या बायकांच्या आणि मुलींच्या चेहऱ्यांवर ते फेकले गेले म्हणून. कोणी रस्त्यावर सुटे अॅसिड विकताना दिसला तर आपण त्याला विचारायला हवे, वही कुठे आहे. मंडळाने मिळून विचारले तर तो उत्तर देईल.

रांगोळीचे राहिलेच. पूर्वी शिरगोळे कुटून रांगोळी करीत. बाजारच्या पुडीत हल्ली काय असते ते पुडीवर लिहीत नाहीत. कधी संगमरवराची भुकटी, कधी गारेची बारीक वाळू, कधी संगजिरे. पहिली फसफसते, बाकीच्या दोन्ही गप्प. गारेची असेल तर ती उडवत चाळू नये, ती धूळ छातीला वाईट. शाळेचा खडूही आता बहुतेक जिप्समचा असतो, तो फसफसला नाही तर लिंबाला दोष देऊ नका. काही संगमरवर मात्र हट्टी असतात, अख्ख्या तुकड्यावर थेंब टाकला तर पटकन उठत नाहीत. थोडी भुकटी खरवडून तिच्यावर टाकावा.

ज्यांना मी घरून रांगोळीची पुडी आणायला सांगितले होते त्यांनी आता पुढे यावे. चार लिंबे उरली आहेत, आणि ही आठवी वाटी रिकामी त्याचसाठी ठेवली आहे.